बिनकामाचं पुणं : नवशिक्यांसाठी एका दिवसाचं मार्गदर्शन

शहरातली संग्रहालयं कशी बघावीत याची जी माहिती छापून येते, तिची सुरुवात हॉटेलच्या खोलीपासून होते. खोली कुठं घ्यावी, नाश्ता कुठं करावा, दुसऱ्या दिवशी निवांत उठून कुठलं प्रदर्शन गाठावं, वगैरे. ज्यांच्या गोठ्यात गाय नाही त्यांनी ती माहिती खुशाल वाचावी. हे मार्गदर्शन कल्याण–नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मध्ये असलेल्या पिंपरी पेंढारहून निघून, पुण्यातलं एखादं संग्रहालय बघून, त्याच दिवशी घरी येणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही पुण्याला पन्नास वेळा गेला असाल. तो अनुभव इथं उपयोगी पडत नाही, कारण तुम्ही कामासाठी गेला होता. बिनकामाचं जाणं ही वेगळी विद्या आहे आणि तिच्यात आपण सगळेच बिगरीत आहोत.

साहित्य : टिकाऊ कारण एक. चार्ज केलेली बॅटरी एक. भाकरी माणशी दोन, शेंगदाण्याची चटणी, घरचा कांदा. संध्याकाळची धार काढायला तयार असलेली जाऊ एक. आणि सासूबाई. सासूबाई नसतील तर आई किंवा आजी चालेल, पण वय सत्तरीच्या पुढं हवं. का, ते सहाव्या पायरीला कळेल.

पायरी पहिली : कारण शोधा

आपल्याकडं पुण्याला जायची मान्यताप्राप्त कारणं पाच आहेत : दवाखाना, कोर्टाची तारीख, लग्नाचा बस्ता, पोरांचं ॲडमिशन आणि मोटारीचा न मिळणारा पार्ट. "म्युझियम बघायला चाललोय" असं सांगून बघा. समोरचा क्षणभर थांबेल आणि आवाज खाली घेऊन विचारेल, "कुणी ॲडमिट हाय का?"

म्हणून संग्रहालय नेहमी दुसऱ्या कारणाच्या पोटात घालून न्यावं. कुठलं कारण किती जागा देतं ते समजून घ्या. बस्त्यात अजिबात जागा नसते. सहाव्या दुकानानंतर माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, तिथं पेशव्यांची काय कथा. ॲडमिशनमध्ये झेरॉक्स कमी पडते. पार्ट आणायला गेलेल्याला घरून दर अर्ध्या तासाला फोन येतो. कोर्टाची तारीख मात्र उत्तम. अकराला पुकारा होतो, सव्वाअकराला पुढची तारीख मिळते, आणि दिवस तुमचा. त्यातून जिल्हा न्यायालय हे मेट्रोचं स्टेशन आहे आणि तिथून मंडई दुसरं. फक्त या सोयीसाठी भावकीत नवा वाद काढू नये. जुने पुरेसे असतात.

नवशिक्यांना मी डोळे तपासणी सुचवते. कारण सभ्य आहे, रोग गंभीर नाही, भेटायला कुणी नारळ घेऊन येत नाही. शिवाय पुढं दिसेल की ही थाप पूर्ण थाप नाही.

पायरी दुसरी : दोन धारांमधलं अंतर मोजा

शहरातली माणसं सहलीची तारीख सुट्ट्या बघून काढतात. आपण आधी काय नाही ते बघायचं. कांद्याची लागण नाही, काढणी नाही, चैत्रातली जत्रा नाही, ऊसतोड दारात नाही, मोटारीला रात्रीची लाइट नाही. सोमवारी बेल्ह्याचा बाजार, तो गेला. बरीचशी सरकारी संग्रहालयंही सोमवारीच बंद असतात, म्हणजे या बाबतीत सरकार आणि बेल्ह्याचा बैलबाजार यांचं एकमत आहे. गाळून गाळून वर्षात दहा-बारा दिवस उरतात. त्यातला एक बुधवार धरा. संग्रहालयाला आधी फोन करून चालू असल्याची खात्री करा.

आता वेळ. सकाळची धार साडेपाचला, संध्याकाळची साडेपाचला. मध्ये बारा तास. त्यातले जायचे तीन-साडेतीन आणि यायचे तितकेच वजा करा, डेअरीत दूध घालायचा अर्धा तास वजा करा. पुणं उरतं साडेचार तासांचं. जाऊबाईंनी संध्याकाळची धार काढायचं कबूल केलं तर आणखी दोन तास मिळतात. पण गाय परक्या हाताला पान्हा चोरते, त्यामुळे त्या दोन तासांची किंमत लिटरमध्ये चुकवावी लागते. ही किंमत तिकिटात धरा.

पायरी तिसरी : फाट्यापर्यंत

या पायरीत विनोद नाही. धरणं झाली, कालवे आले, कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, आणि उसात बिबट्या राहायला आला. त्याची पिल्लं आता उसातच जन्मतात. आपल्या भागात त्यानं माणसं नेली आहेत. अंधारात एकट्यानं निघू नका. बॅटरी लावा, मोठ्यानं बोलत चला, लहान मूल मधे ठेवा, उसाच्या कडेला वाकून काही उचलू नका. गाडी चुकली तर दुसरी येईल.

पायरी चौथी : एसटी आणि मेट्रो

आळेफाट्यावर पुणे–नाशिक रस्ता आपल्या रस्त्याला छेदतो. इथून पुणं साधारण ९० किलोमीटर. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगरपर्यंत गाडी बरी पळते. चाकणला पोचल्यावर ती थांबते आणि तुम्हाला भाकरीचं फडकं सोडायचा मोह होतो. सोडू नका. आत्ता खाल्लं तर मंडईत वडापाववर खर्च होईल.

नवशिके शेवटच्या स्टँडपर्यंत बसून राहतात. तसं करू नका. कंडक्टरला आधीच सांगून नाशिक फाट्याला उतरा. समोरच्या मेट्रो स्टेशनातून स्वारगेटकडं जाणारी गाडी पकडली की कुठंही न बदलता थेट मंडई. शिवाजीनगरच्या अलीकडं मेट्रो जमिनीत शिरते. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला, आणि त्यात गाडी चक्क मुठा नदीच्या खालून जाते. ही गोष्ट मी सासूबाईंना कौतुकानं सांगितली. त्यांनी छताकडं बघितलं. "वर नदी हाय? मंग हितं बोअर घ्यायला पाह्यजे व्हती. पाचशे फुटाला पैसं घालवलं आपण."

पायरी पाचवी : मंडई न बघता ओलांडा

मंडई स्टेशनातून वर आलं की महात्मा फुले मंडईची दगडी अष्टकोनी इमारत दिसते. १८८६ ची, पूर्वीचं नाव रे मार्केट. कळस बघा, कमानी बघा. गाळ्यांवरच्या भाज्या मात्र बघू नका. जुन्नर तालुक्यातल्या माणसानं पुण्यात टोमॅटोचा किरकोळ भाव विचारणं म्हणजे सहलीचा शेवट. तुम्ही परवाच नारायणगावला क्रेट कितीला दिलं ते आठवतं, मनात भागाकार सुरू होतो, आणि पुढं दोन तास कुठल्याही राजाची तलवार दिसत नाही.

अगदीच राहवलं नाही तर २०२३ चा जुलै आठवा. त्या महिन्यात नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला होता. तेव्हाची पट्टी कुणाकडं असेल तर जपून ठेवा. शंभर वर्षांनी ती काचेच्या कपाटात असेल आणि खाली लिहिलेलं असेल : दुर्मीळ.

पायरी सहावी : आत शिरा आणि पाटी झाका

मंडईपासून चालत बाजीराव रस्त्याला लागा आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय विचारा. हे नाव नीट समजून घ्या, कारण पुष्कळजण राजा म्हणजे कुठल्या संस्थानचा असं विचारतात. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६, मृत्यू १९९०. 'अज्ञातवासी' नावानं कविता करत. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. त्याच्या नावानं हे संग्रहालय आहे. केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी गावोगावचे वाडे, माळे, अडगळी धुंडाळून वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सगळं महाराष्ट्र शासनाच्या हवाली केलं. आणि त्यांचा पोटापाण्याचा धंदा काय होता? चष्म्यांचा. म्हणजे डोळे दाखवायला जातो असं सांगून तुम्ही निघालात, त्यात फार चुकलं नाही.

आता बघायची रीत. शहरातला माणूस आधी पाटी वाचतो, मग वस्तू बघतो, मग फोटो काढतो. आपण उलटं करायचं. पाटीवर हात धरायचा (काचेला न लावता), वस्तू ओळखायची, काय कामाची ते सांगायचं आणि मग पाटी वाचून स्वतःला गुण द्यायचे. इथं सत्तरीच्या पुढचा माणूस लागतो. मी कुलपं, दौती, हुक्के यांत काठावर पास झाले. सासूबाईंनी दिव्यांच्या दालनात एकही गुण सोडला नाही. लामणदिवा, समई, पणती, निरांजन. कुठल्याला किती वात लागते आणि कुठला वाऱ्यात टिकत नाही, हे पाटीवर नसलेलंसुद्धा सांगितलं.

पितळी वज्र्यांच्या कपाटापाशी कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या. वर पक्षी बसवलेल्या, खाली खरखरीत नक्षी असलेल्या त्या वस्तू बघून एक म्हणाली, पेपरवेट असतील. सासूबाईंनी तिला हातानं बाजूला घेतलं, लुगड्याचा काठ वीतभर वर केला आणि टाच दाखवली. "ह्याला. न्हाताना घासायचं. आमच्याकडं नुसता दगुड व्हता, ही श्रीमंताघरची." मुलींनी टाच बघितली, वज्री बघितली, पुन्हा टाच बघितली. पाटी कुणीच वाचली नाही.

पुढं अडकित्ते आहेत. एका नजरेत मावत नाहीत इतके. माणसांचे, घोड्यांचे, पोपटांचे आकार. सासूबाई तिथं थांबल्या आणि बोलायच्या थांबल्या. मी पुढच्या कपाटाला जाऊन परत आले तरी तिथंच. त्यांच्या सासूचा अडकित्ता पोपटाचा होता, हे मला लग्नानंतर तेवीस वर्षांनी त्या दिवशी कळलं. चोचीत सुपारी धरायचा, म्हणाल्या. दुष्काळाच्या साली भांडीवाली दारात आली. अडकित्ता, दोन तांबे आणि एक पितळी डबा तिच्या पाटीत गेला आणि घरात स्टीलची चार ताटं आली. "ताटं अजून हायेत," त्या म्हणाल्या. मी विचारलं, हाच असेल का? त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं. "नाय. आपल्याची खीळ ढिली व्हती." बोट काचेला टेकलं तसा रखवालदार लांबून म्हणाला, "आजी, काच." त्यांनी बोट काढलं आणि उमटलेला ठसा पदरानं पुसला.

या पायरीला किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही. साडेचार तासांतले दोन तरी इथं जातील असं धरून चला.

निघायच्या आधी मस्तानी महाल बघा. कोथरूडला असलेल्या महालाचा भाग उचलून इथं पुन्हा उभा केलेला आहे. झुंबर, भिंतींवरची चित्रं, सगळं आहे. मस्तानीची कबर मात्र पाबळला, राजगुरुनगरहून शिरूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर. म्हणजे महाल बघायला आपण जी गाडी पकडली, तिच्या वाटेपासून कबर फार लांब नाही. तिथं जायला मात्र अजून कुणाला काम निघालेलं नाही.

पायरी सातवी : दुसरं ठिकाण निवडा, किंवा निवडू नका

एका दिवसात पाच ठिकाणं बघणारे लोक असतात. ते घरी येऊन फोटोत बघतात आपण कुठं गेलो होतो. तुम्ही एकच जादा निवडा.

शनिवारवाडा जवळ आहे. १७३० साली पाया घातला, १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं. तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली आहेत. शिवनेरी चढून गेलेल्याला तट किरकोळ वाटतो; तसं तिथं मोठ्यानं बोलू नये.

क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. आपल्या तालुक्याच्या आणि आंबेगावच्या पश्चिमेला जे महादेव कोळी, ठाकर राहतात, त्यांच्या घरातल्या वापराच्या वस्तू तिथं मांडून ठेवलेल्या भेटतात.

येरवड्याला डेक्कन कॉलेज. ही शिफारस ज्यांना दगड आवडतात त्यांच्यासाठी. आपल्याच कुकडीकाठच्या बोरीत ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, त्याच्यासोबत आदिमानवाची दगडी हत्यारं. या कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, असं मानतात. ती पाऊण लाख वर्षांपूर्वीची की त्याहून कितीतरी जुनी, यावर पंडितांचं भांडण अजून मिटलेलं नाही. बांधाच्या वादालाही इतकी वर्षं लागत नाहीत.

पायरी आठवी : जेवण

संग्रहालयात भाकरी सोडू नये. शनिवारवाड्याच्या बाहेर सावली बघून बसावं. कांदा बुक्कीनं फोडला की आजूबाजूचे लोक वळून बघतात. बघू द्या. त्यांनाही त्या दिवशी काहीतरी बघायला मिळालं पाहिजे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मुंबईला का जाऊ नये?* जावं. माळशेज उतरून कल्याण, तिथून लोकलनं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि पुढं काळ्या घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली कोनशिला, १९२२ साली लोकांसाठी खुलं, १९९८ पर्यंत नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. मोठी प्रदर्शनं तिथंच येतात. २०१७ च्या अखेरीस ब्रिटिश म्युझियमसोबत भरवलेलं प्रदर्शन जगाच्या इतिहासाचं होतं. पण संध्याकाळची धार सापडत नाही. आमचे एक चुलतसासरे मुंबईत डबेवाले होते. फोर्टात तीस वर्षं डबे पोचवले, त्या संग्रहालयासमोरून रोज दोनदा गेले. आत काय आहे असं मी एकदा विचारलं. ते विचारात पडले. मग म्हणाले, "काय ठावं. तिथं आपलं गिऱ्हाईक नव्हतं."

*घरचे सोडत नसतील तर?* प्रदर्शनाला दर्शनाचा दर्जा मिळतो का बघा. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा आमच्या भावकीतून एक जीप भरून गेली. ती नखं महाराजांचीच का, यावर अभ्यासकांत दुमत होतं, जीपमध्ये नव्हतं. त्या दिवशी कुणी कुणाला कारण विचारलं नाही, गाईंची धार कुणी काढायची हेसुद्धा न सांगता ठरलं. अडकित्त्याला हा मान अजून नाही.

*आपल्याच तालुक्यात इतकं असताना बाहेर कशाला?* लेण्याद्री आहे, शिवनेरी आहे, नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, खोडदला आणि त्याच्या आसपास ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडं कान लावून आहेत. २०१८ साली सरकारनं जुन्नर हा पर्यटन तालुका जाहीर केला. पावसाळ्यात पुण्यामुंबईची माणसं गाड्या भरून येतात, भिजतात, मक्याचं कणीस खातात आणि जातात. त्यांना कुणी विचारत नाही की काय काम काढलं. बिनकामाचं फिरायला पुण्याच्या माणसाला चालतं, मग उलट्या दिशेनंही चालायला हवं, एवढंच या मार्गदर्शनाचं म्हणणं आहे. आणि खरं सांगायचं तर नाणेघाट बघायलाही आम्ही अजून गेलेलो नाही. तिकडं काम निघालं नाही.

पायरी नववी : परत येणे

परतताना बाकरवडीचा पुडा घ्या. तो पुरावा आहे. दवाखान्यातून आलेला माणूस बाकरवडी आणत नाही असं कुणी म्हणेल. त्याला दोन बाकरवड्या जास्त द्या.

कारण कुणी सांभाळायचं हे गाडीतच ठरवा. आमचं ठरलं होतं : डोळे तपासले, नंबर वाढला नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. "पुन्हा बोलावलंय" हे मुद्दाम, पुढच्या सहलीची सोय म्हणून. सासूबाईंनी राजगुरुनगरपर्यंत दोनदा पाठ म्हणून दाखवला.

घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. थोरल्या जाऊबाई गोठ्याच्या दारात बादली घेऊन उभ्या होत्या.

"काय म्हणला डागतर? डोळं कसं हायेत?"

सासूबाई चप्पल काढत म्हणाल्या, "कसला डागतर! अडकित्ता बघून आले."

मी बाकरवडीचा पुडा पुढं केला. तो कुणी घेतला नाही.

"अडकित्ता? आणला?"

"नाय. नुसता बघितला."

"दिवसभर?"

"दिवसभर."

जाऊबाईंनी बादली खाली ठेवली. "गाईनं दोन लिटर चोरलं आज." आता आपल्याला ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सासूबाई पायरीवर बसून टाच चोळत होत्या.

"पुढल्या बुधवारी आमच्या गाईची धार तू काढ," जाऊबाई मला म्हणाल्या. "मला बी डोळं दाखवायचंत."